ओव्हरहॉलिंगची माणसं आणि बिलं सॉफ्टवेअरवर घ्यावीत का?

कुपवाडचा फॅब्रिकेटर
गळीत हंगाम संपला की साखर कारखान्यांची ओव्हरहॉलिंगची, म्हणजे यंत्रं उघडून दुरुस्त करायची कामं एकदम अंगावर येतात. मिल, ज्यूस हीटर, पॅन, बॉयलरच्या ट्यूबा... बॉयलर अग्निप्रदीपनापर्यंत, म्हणजे पुढच्या हंगामासाठी बॉयलर पेटेपर्यंत उसंत नाही. कुपवाड-मिरज एमआयडीसीतल्या लहान वर्कशॉपची माणसं एकाच वेळी तीन-चार कारखान्यांत पांगलेली असतात. माझं मत ठाम आहे. कोण कुठल्या जॉबवर, किती तास आणि त्याचं बिल निघालं का, हे सगळं एका सॉफ्टवेअरवरच हवं.

आपण दरात मार खात नाही, जादा कामात खातो. वर्क ऑर्डरमध्ये ठरावीक ट्यूबा असतात, हीटर उघडला की शेजारच्याही गेलेल्या निघतात. चीफ इंजिनिअर म्हणतात, ‘करून टाका, नंतर बघू.’ पोरं रात्र जागून काम पुरं करतात. त्याची नोंद सुपरवायझरच्या खिशातल्या डायरीत राहते आणि बिल मात्र मूळ ऑर्डरएवढंच जातं. ईआरपीनेक्स्टसारख्या मुक्त सॉफ्टवेअरमध्ये माणसाचे तास जॉबवर टाकता येतात आणि त्याच तासांवरून बिल तयार होतं. टॅली हिशेबाला आहेच, पण बिलात न आलेलं काम टॅलीला कुठून कळणार?

साइट सुपरवायझर, माधवनगर
साहेब, डायरीला नावं ठेवू नका. त्या डायरीवरच आजवर पगार झालेत.

तुम्ही म्हणता तो तोटा खरा आहे, पण कारण वेगळं आहे. जादा कामावर कारखान्याच्या माणसाची सही नसते. तुमच्या कॉम्प्युटरमध्ये दोनशे तास दिसले तरी अकाउंट सेक्शन विचारणार, कोणी सांगितलं होतं? तिथे कागदच लागतो, तोही त्यांच्या शिक्क्याचा.

आणि माणसं वाटणं? स्क्रीनवर ‘वेल्डर – २ मोकळे’ असं दिसेल. त्यातला एक आयबीआर (भारतीय बॉयलर नियमांची वेल्डर परीक्षा) पास आहे, बॉयलरच्या प्रेशर पार्टला, म्हणजे दाबाखालच्या भागाला तोच चालतो. दुसरा स्ट्रक्चरला उत्तम, पण त्याला मिल हाउसमध्ये अमक्या फिटरबरोबर दिलं की दुपारपर्यंत वाजतं. जुलै-ऑगस्टमध्ये कृष्णेला पाणी आलं की निम्मी पोरं घर सावरायला जातात. २०१९ ला आणि २०२१ ला काय झालं ते सगळ्यांनी पाहिलंय. त्या दिवसांत माणसं जुळवतो तो फोन आणि ओळख.

कुपवाडचा फॅब्रिकेटर
दादा, आयबीआरचं सर्टिफिकेट कोणाकडे आहे आणि त्याची मुदत कधी संपते, हे तर सॉफ्टवेअरमध्ये हवंच. एकाच आठवड्यात दोन कारखान्यांना तोच वेल्डर कबूल केला, हे आधी कळायला नको? आज ते कळतं गाडी निघायच्या आदल्या रात्री. कोणाचं कोणाशी पटतं ते तुम्हीच ठरवा, त्यात मशीन नको हे मलाही मान्य.

पंपाची सर्व्हिस करणारा, पलूस
आमच्याकडे तिघं माणसं. मोबाईलवरची एक्सेल शीट पुरते. वार्षिक भाडं भरून सॉफ्टवेअर घ्यायची आम्हाला गरज नाही.

हिशेब बघणारी, विश्रामबाग
सहीचा मुद्दा बरोबर आहे, आणि नोंद त्याच दिवशी व्हावी याचं तेच तर कारण आहे. २००६ च्या एमएसएमई कायद्याप्रमाणे उद्यम नोंदणी असलेल्या सूक्ष्म-लघु उद्योगाला सेवेचे पैसे लेखी करार असला तर जास्तीत जास्त ४५ दिवसांत आणि नसला तर १५ दिवसांत मिळायला हवेत. ही मुदत काम स्वीकारल्यापासून मोजतात. काम दिल्यावर १५ दिवसांत समोरच्याने लेखी हरकत घेतली नाही, तर काम दिलं तोच दिवस स्वीकारल्याचा धरतात. म्हणजे काम पुरं झाल्याची तारीख पक्की हवी. दिवाळीनंतर आठवून लिहिलेल्या तारखेला कोण जुमानणार? शिवाय २०२३-२४ या आर्थिक वर्षापासून मुदतीत पैसे दिले नाहीत, तर खरेदीदाराला तो खर्च प्रत्यक्ष पैसे देईपर्यंत आयकरात वजा मिळत नाही. मार्च जवळ आला की या तरतुदीचा उपयोग होतो.

साइट सुपरवायझर, माधवनगर
ताई, कायदा कागदावर ठीक. पुढच्या हंगामाची ऑर्डर त्याच कारखान्याकडून घ्यायची असते, त्यांना नोटीस कोण पाठवणार? बिल लवकर काढलं की १८ टक्के जीएसटी पुढच्या महिन्याच्या २० तारखेला आपल्या खिशातून भरायचा, आणि कारखान्याचे पैसे साखर विकल्यावर. म्हणून तर मालक लोक बिल रेंगाळत ठेवतात.

हिशेब बघणारी, विश्रामबाग
रेंगाळून ते टळत नाही. सेवा दिल्यापासून साधारण ३० दिवसांत बिल काढायचंच असतं, उशीर केला तर करावर व्याजही चढतं. पैसे अडकतात म्हणून मोठ्या जॉबचे टप्पे ऑर्डरमध्येच ठरवून घ्यावेत आणि टप्पा झाला की बिल द्यावं. कुठला टप्पा कधी झाला, हे तासांच्या नोंदीशिवाय सांगता येत नाही.

आयबीआर वेल्डर, मिरज
आमचं कोणी बोलेना म्हणून लिहितो. रात्रीचे तास गिऱ्हाइकाच्या बिलात चढणार असतील, तर तेच तास आमच्या पगारपत्रकात ओव्हरटाइम म्हणून दुप्पट दराने यायला हवेत. आज दोन वह्या असतात, आणि आमची वही नेहमी बारीक निघते. नोंद एकच होणार असेल तर मी सॉफ्टवेअरच्या बाजूने. पण मोबाईलवर दिवसभर लोकेशन चालू ठेवायला सांगाल तर नाही. गेटवर पास दाखवून आत जातो, तेवढा पुरावा बास.

कुपवाडचा फॅब्रिकेटर
तुमची अट रास्त आहे. लोकेशन नको, आणि बिलाचे तास तेच पगाराचे तास. ऑफ-सीझनला सगळं एकदम न बदलता दोन जॉबवर हे करतो. जादा कामाची छापील स्लिप, त्यावर त्याच संध्याकाळी कारखान्याच्या इंजिनिअरची सही, आणि स्लिपचा फोटो जॉबला जोडलेला.

साइट सुपरवायझर, माधवनगर
स्लिपला माझी हरकत नाही. पण माणसांचं वाटप ऑफिसातून झालेलं मला चालणार नाही, ते साइटवरूनच ठरेल. आणि सही मिळाली नाही तर जादा काम थांबवायचा अधिकार सुपरवायझरला लेखी द्या. तो नसेल तर रात्री अकराला चीफ इंजिनिअरसमोर स्लिपचं पुस्तक घेऊन मी काय करणार?