मदत हवी आहे : परिचारिकांना औषधे लिहून देण्याचा अधिकार असावा का?

नमस्कार. बी.एस्सी. नर्सिंगनंतर सहा महिन्यांचा प्रमाणपत्र अभ्यासक्रम करून मी गेली चार वर्षे एका डोंगराळ तालुक्यातील उपकेंद्रात समुदाय आरोग्य अधिकारी म्हणून काम करते. पुढील महिन्यात जिल्ह्याच्या प्रशिक्षणात मला याच विषयावर बोलायचे आहे आणि माझेच मत अजून पक्के होत नाही, म्हणून अनुभवी परिचारिकांची मदत मागते आहे.

गेल्या आठवड्यात एक आजी आल्या. डॉक्टरांनी रक्तदाबासाठी लिहून दिलेली ॲम्लोडिपिनची ५ मिलिग्रॅमची गोळी त्या न चुकता घेतात. रिकामे पाकीट पदराच्या गाठीतून काढून दाखवतात. तरीही रक्तदाब १७८/१०४ भरला. पंधरा मिनिटे बसवून पुन्हा मोजला, फरक नव्हता. डोस वाढवावा लागणार हे मला कळत होते, पण चालू असलेली गोळी पुढे देणे एवढेच माझ्या हातात आहे, तिच्यात बदल डॉक्टरांनीच करायचा. ई-संजीवनीसाठी, म्हणजे ऑनलाइन डॉक्टरांचा सल्ला घेण्याच्या सरकारी सेवेसाठी, रेंज नव्हती आणि वैद्यकीय अधिकारी शवविच्छेदनात अडकले होते. संध्याकाळी फोन लागला तेव्हा त्यांनी मलाच विचारले, “सिस्टर, तुम्हाला काय वाटतं?” मी सुचवलेलाच डोस त्यांनी कायम केला, पण तोवर आजी शेवटच्या एसटीने घरी गेल्या होत्या.

२०१९ च्या राष्ट्रीय वैद्यकीय आयोग कायद्याच्या कलम ३२ मध्ये डॉक्टर नसलेल्या पात्र आरोग्य कर्मचाऱ्यांना प्राथमिक व प्रतिबंधात्मक सेवेपुरती ठरावीक औषधे स्वतंत्रपणे लिहून देण्याच्या मर्यादित परवान्याची तरतूद आहे. तिला डॉक्टरांच्या संघटनांनी कडाडून विरोध केला. परंतु माझ्या सहकारी परिचारिकाही एकमताच्या नाहीत. पगार तोच राहील आणि उद्या काही झाले तर नाव आपले येईल, असे त्या म्हणतात, आणि ते मला खोटे वाटत नाही. शिवाय मूत्रपिंडाचा विकार असलेल्या, आधीच चार औषधे चालू असलेल्या रुग्णाला पाचवे औषध लिहिण्याइतके औषधशास्त्र मला येते का, याची मला खात्री नाही.

परदेशात हा अधिकार वापरणाऱ्या परिचारिकांनी कृपया सांगावे : तयारी किती करून घेतात, आणि चूक झाली तर पाठीशी कोण उभे राहते?

उत्तर :

ताई, मी इंग्लंडमध्ये एका दवाखान्यात मधुमेहाचे रुग्ण पाहते आणि औषधे लिहून देते. इकडे १९९२ मध्ये कायदा झाला, १९९४ मध्ये मोजक्या ठिकाणी मर्यादित यादीपासून सुरुवात झाली आणि २००६ मध्ये पात्र परिचारिकांना जवळजवळ सर्व औषधे खुली झाली. म्हणजे विश्वास बसायला इथेही वेळ लागला. माझ्या अभ्यासक्रमात औषधशास्त्रात किमान ८० टक्के आणि डोसच्या गणितात पूर्ण १०० टक्के गुण मिळाल्याशिवाय पुढे जाता येत नव्हते. त्यासोबत अनुभवी व्यक्तीच्या देखरेखीखाली प्रत्यक्ष काम होतेच. सही माझी म्हणून उत्तरदायित्वही माझेच असते, मात्र नेमून दिलेल्या कामाच्या मर्यादेत राहिले तर नियोक्त्याचे कायदेशीर संरक्षण मिळते. त्यामुळे आपल्या कामाची मर्यादा लेखी असणे फार महत्त्वाचे आहे.

सर्वांत अवघड गेले ते नाही म्हणणे. साध्या सर्दीसाठी अँटिबायोटिक मागणाऱ्या आईला नकार देऊन, पुन्हा केव्हा यायचे हे नीट समजावण्यात औषध लिहिण्यापेक्षा दुप्पट वेळ जातो. तुम्ही भाषणात सरसकट अधिकार मागू नका. आजींचेच उदाहरण घेऊन कोणते औषध, कोणत्या डोसपर्यंत, कोणत्या आकड्यानंतर डॉक्टरांकडे पाठवायचे, हे लिहून मागा. आणि आजींचा दाब आता किती आहे, तेही कळवा.