मॉन्ट्रियलचा फूड वॉक घ्यावा की नाही: सोसायटीच्या ग्रुपवरील चर्चा

ए-३०१ (काका):
सर्वांना नमस्कार. सप्टेंबरात आम्ही दोघे मुलाकडे मॉन्ट्रियलला जात आहोत. तिथल्या माईल एंड नावाच्या जुन्या वस्तीतून गाईडबरोबर पायी हिंडायचे आणि ठिकठिकाणी थोडे थोडे खायचे, असा तीन तासांचा फूड वॉक त्याने आमच्यासाठी पाहून ठेवला आहे. माणशी शंभर कॅनेडियन डॉलरच्या आसपास खर्च येईल. मी मासे आणि चिकन खातो, पण बीफ खात नाही. सौ. पूर्ण शाकाहारी आहेत, अंडेही चालत नाही. आमच्यासारख्यांनी यावर पैसे घालावेत का? बी-५०४ मधल्या ताई तिथे काही वर्षे राहून आल्या आहेत, त्यांनी अवश्य सांगावे. इतरांचेही मत हवे आहे.

सी-२०२:
काका, स्पष्ट लिहितो, राग मानू नये. दोघांचे मिळून बारा हजारांहून अधिक रुपये होतात. माईल एंडमधली नावाजलेली दुकाने नकाशावर सापडतात, एकमेकांपासून फार लांब नाहीत, आणि एका बेगलला, म्हणजे मधे भोक असलेल्या गोल पावाला, दोन-एक डॉलर पडतात. मुलाला एक दिवस रजा घ्यायला सांगून त्याच्याबरोबर हिंडलात तर हेच सारे पाव खर्चात होईल आणि घाईही होणार नाही.

बी-५०४ (ताई):
काका, पैसे वसूल होतील की नाही हे वॉक कोणत्या रस्त्यांवरून जातो यावर ठरते. बंदराजवळच्या जुन्या शहरातले दगडी रस्ते देखणे आहेत, तिथे फोटो सुंदर येतात, परंतु तिथल्या खाण्यासाठी मी गाईड घेणार नाही. माईल एंडचे तसे नाही. त्याच्या कडेने जाणारा सँ-लॉराँ हा मोठा रस्ता शहराचे पूर्व आणि पश्चिम असे दोन भाग करतो. आडव्या रस्त्यांवरचे घरक्रमांक तिथूनच दोन्ही दिशांना सुरू होतात. पूर्व युरोपातून आलेले ज्यू, त्यानंतर ग्रीक, इटालियन आणि पोर्तुगीज याच रस्त्याच्या आधाराने वसत गेले, सुस्थितीत आल्यावर पुढच्या वस्त्यांत निघून गेले, आणि जाताना मागे एखादी भट्टी, एखादी खानावळ, एखादे किराणा दुकान ठेवून गेले. आपण एकटे चाललो तर आपल्याला फक्त दुकानांच्या पाट्या दिसतात.

एक उदाहरण देते. सँ-विआतर रस्त्यावरचे बेगलचे दुकान १९५७ साली मायर लेव्कोविच यांनी सुरू केले. ते बुखेनवाल्डच्या नाझी छळछावणीतून वाचलेले होते. त्यांच्याकडे १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला जो मोरेना नावाचा इटालियन मुलगा कामाला लागला आणि पुढे तोच दुकानाचा मालक झाला. म्हणजे ज्यू लोकांचा हा पदार्थ त्या दुकानात आता एक इटालियन कुटुंब सांभाळते. थोड्याच अंतरावरचे फेअरमाउंट बेगल आपला इतिहास १९१९ पासून मोजते. दोन्हीकडे पिठाची कडी हाताने वळतात, मध घातलेल्या उकळत्या पाण्यातून काढतात, तिळात किंवा खसखशीत घोळवतात आणि लांब फळीवरून लाकडाच्या भट्टीत सरकवतात. न्यूयॉर्कच्या बेगलपेक्षा हे बेगल लहान, बारीक आणि किंचित गोड असतात, मधले भोकही मोठे असते. कोणते दुकान चांगले यावर त्या शहरात घराघरांत मतभेद आहेत. मॉन्ट्रियलमध्ये जन्मलेले अंतराळवीर ग्रेगरी शामिटॉफ यांनी २००८ मध्ये अंतराळ स्थानकात जाताना तिळाचे अठरा बेगल नेले, ते फेअरमाउंटचे होते. (मीही त्याच पक्षातली आहे, पण तो विषय वेगळा.) चांगला गाईड दोन्ही दुकानांतले गरम बेगल पाठोपाठ हातात ठेवतो आणि मतभेद कशावरून आहेत ते आपल्याला चवीवरून कळू देतो.

सी-२०२:
ताई, माहिती उत्तम आहे, पण ती वाचूनही जाता येते. तुम्ही आत्ता इथेच दिलीत आणि तीही विनामूल्य.

बी-५०४ (ताई):
मान्य आहे. पण भट्टीसमोर रांग लागलेली असताना काउंटरवरच्या माणसाला अमुक पदार्थात काय घातले आहे हे विचारणे, त्याचे फ्रेंचमधले उत्तर समजणे आणि त्यावर विश्वास ठेवणे, हे नवख्याला जमत नाही. काकूंच्या बाबतीत सगळे काही त्यावरच अवलंबून आहे.

ए-३०१ (काकू):
ताई, मी मुद्दाम यांच्या फोनवरूनच लिहीत आहे. बेगल म्हणजे पावच ना, मग त्यात अडचण कसली? मुलगा म्हणतो की तिथे शाकाहारी मुबलक मिळते, परंतु तो स्वतः अंडी खातो, त्यामुळे त्याच्या 'शाकाहारी'वर माझा फारसा भरवसा नाही.

बी-५०४ (ताई):
काकू, तुमची शंका रास्त आहे. मॉन्ट्रियल पद्धतीच्या बेगलच्या पिठात माल्टबरोबर अंडे घालतात. बाहेरून ते कुठेही दिसत नाही आणि दुकानदाराच्या दृष्टीने तो शाकाहारी पदार्थच असतो, त्यामुळे तो आपणहून सांगत नाही. त्याच वस्तीत हसिदी या कर्मठ पंथाच्या ज्यूंच्या कोशर, म्हणजे ज्यू धर्माचे आहारनियम पाळणाऱ्या, बेकऱ्या आहेत, तिथे चॉकलेटचा बाबका हा गोड पाव आणि रुगलाख नावाचे गुंडाळलेले गोड तुकडे मिळतात. कोशर पदार्थांवर 'पारेव' असे लिहिलेले दिसले तर त्यात दूधही नाही आणि मांसजन्य काहीही नाही असे समजावे. म्हणजे डुकराच्या चरबीची धास्ती राहत नाही. मात्र पारेव पदार्थात अंडे, मासे आणि माशांपासून केलेले जिलेटिनही चालते, त्यामुळे तुमच्यासाठी एवढा शब्द पुरेसा नाही.

आता पुतीन. हा क्वेबेक प्रांताचा (मॉन्ट्रियल त्यातच येते) सर्वांत प्रसिद्ध पदार्थ १९५०च्या दशकात तिथल्या ग्रामीण भागात सुरू झाला: तळलेल्या बटाट्यांवर ताज्या चीजचे गोळे आणि त्यावर गरम तपकिरी ग्रेव्ही. चीज ताजे असले तर दाताखाली चक्क किरकिर आवाज येतो. ग्रेव्ही बहुधा कोंबडीच्या किंवा बीफच्या अर्काची असते. मशरूमची शाकाहारी ग्रेव्ही बऱ्याच ठिकाणी मिळते, पण ती मागून घ्यावी लागते, आणि बटाटे ज्या तेलात तळतात त्याच तेलात चिकन तळतात का, हेही विचारावे लागते. इटालियन दुकानातील बटाट्याची न्योकी टोमॅटोच्या रश्शात फार छान लागते, पण पिठात अंडे आहे का हे विचारल्याखेरीज खाऊ नये, आणि वर किसलेले पार्मेझान नको म्हणावे, कारण अस्सल पार्मेझान वासराच्या जठरातून काढलेल्या रेनेटने विरजतात. या विरजणाबद्दल इतर चीजच्या बाबतीतही विचारावे. वनस्पतिजन्य किंवा सूक्ष्मजीवांपासून केलेले रेनेट वापरलेली चीजही तिथे सहज मिळतात.

सासू-सासरे आले होते तेव्हा मी त्यांना अशा वॉकला नेले होते. सासूबाई तुमच्यासारख्याच. बुकिंगच्या वेळी आयोजकांनी 'शाकाहाराची सोय आहे' असे मोघम लिहिले होते, आणि प्रत्यक्षात निम्म्याहून अधिक ठिकाणी त्यांच्या हातात लोणच्याची काकडी किंवा नुसती कॉफी आली. सासऱ्यांनी मात्र सगळे आवडीने खाल्ले आणि आजही त्या दुपारच्या गोष्टी सांगतात.

ए-३०१ (काका):
म्हणजे सौ.ना वगळून मी एकट्यानेच जावे, असे का?

ए-३०१ (काकू):
तसे त्यांनी अजिबात म्हटलेले नाही.

बी-५०४ (ताई):
नाही काका. आयोजकांना आत्ताच ईमेल करावा आणि प्रत्येक थांब्यावर अंडे, मांसाचा अर्क, जिलेटिन आणि प्राणिजन्य रेनेट नसलेला कोणता पर्याय देणार ते नावानिशी लेखी मागावे. थांब्यागणिक उत्तर आले तर दोघांचे बुकिंग करावे. 'आम्ही प्रयत्न करू' असे उत्तर आले तर करू नये, मग त्यांचे तारांकित अभिप्राय कितीही असोत. तुमच्यासाठीही लिहावे. सँ-लॉराँवरचे १९२८ पासूनचे श्वार्ट्झ ज्या स्मोक्ड मीटसाठी प्रसिद्ध आहे ते बीफचे असते. फेअरमाउंट रस्त्यावरच्या विलेन्स्की या १९३२च्या छोट्या उपाहारगृहातले खास सँडविचही बीफ सलामीचे असते. त्या सँडविचमध्ये मोहरीचा सॉस असतोच आणि ते कधीही मधोमध कापून देत नाहीत, हे दोन नियम ते आजही पाळतात. आत जाऊन स्टुलावर बसावे, जागा पाहावी, सोडा प्यावा. बेगलबरोबर तुम्ही क्रीम चीज आणि स्मोक्ड सामन मासा मागा. ती जोडी स्मोक्ड मीटपेक्षा सरस आहे असे माझे मत आहे.

बी-१०३ (डॉक्टर):
मध्येच लिहितो. तीन तासांत दोन-तीन किलोमीटर चालणे फार नाही, पण बेगलच्या मूळ दुकानांत बसायला जागा नसते, उभ्यानेच खायचे असते आणि तिथे स्वच्छतागृह मिळेलच असे नाही. काकांचे गुडघे मला ठाऊक आहेत. वाटेत बसण्याची आणि स्वच्छतागृहाची सोय कोणत्या थांब्यावर आहे, हे त्याच ईमेलमध्ये विचारून घ्यावे. मधुमेहाच्या गोळ्या चालू असताना 'तिथे खायचेच आहे' म्हणून सकाळचे जेवण टाळू नये. हलके खाऊन निघावे आणि गोड पदार्थ चवीपुरते घ्यावेत. मेपलचे सिरप औषधी असल्याचे तिथे कोणीतरी नक्की सांगेल. रक्तातल्या साखरेच्या दृष्टीने ती साखरच आहे.

डी-४०१:
माझी मुलगी तिथेच शिकते, तिने कळवले आहे ते लिहिते. शनिवारचे बुकिंग शक्यतो करू नये. कोशर बेकऱ्या शुक्रवारी सूर्यास्तापूर्वी बंद होतात आणि शनिवारी दिवसभर उघडत नाहीत. शिवाय ज्यूंचे नववर्ष, योम किप्पुर आणि सुक्कोत हे सण सप्टेंबर-ऑक्टोबरमध्येच येतात, त्यामुळे यंदाच्या तारखा पाहून दिवस ठरवावा. बेगलची दोन्ही मोठी दुकाने मात्र शनिवारी उघडी असतात. ती असेही म्हणते की हसिदी कुटुंबांचे, विशेषतः मुलांचे, न विचारता फोटो काढू नयेत. तिने एका घोळक्याला तसे करताना पाहिले होते आणि तिला फार वाईट वाटले.

सी-२०२:
एवढे सगळे वाचल्यावर माझे मत थोडे बदलले आहे, पूर्ण नाही. माईल एंडसाठी गाईड घ्यावा हे पटले. परंतु बरेच वॉक त्यालाच जोडून लिटल इटलीतला जाँ-तालों बाजारही दाखवतात आणि तेवढे शुल्क वाढवतात. ते पैसे वाचवावेत. तो बाजार १९३३ पासूनचा आहे, आधी तिथे लॅक्रोस खेळाचे मैदान होते, आणि तो पाहायला कोणाचीही गरज नाही. मेट्रोचे स्टेशन त्याच नावाचे आहे, उतरून थोडे चालायचे. सप्टेंबरात मका, टोमॅटो, रंगीत मिरच्या आणि सफरचंदे यांचे ढीग लागलेले असतात. शेतकरी फोडी कापून चाखायला ठेवतात. काकूंना तिथे एकही प्रश्न विचारावा लागणार नाही. पलीकडेच पार्क-एक्स्टेन्शन ही वस्ती आहे, तिथे आपल्या उपखंडातले लोक मोठ्या संख्येने राहतात; दोन दिवस पाव-चीज खाऊन कंटाळा आला तर डोसा किंवा थाळी मिळेल.

ए-३०१ (काका):
हे फारच उपयोगी आहे. टिपेचे काय करायचे असते? शंभर डॉलरमध्ये सगळे येते ना?

डी-४०१:
काका, जाहिरातीतली रक्कम बहुधा करांशिवाय असते. क्वेबेकमध्ये ५ टक्के केंद्राचा आणि ९.९७५ टक्के प्रांताचा, मिळून जवळपास १५ टक्के कर वर लागतो. थांब्यांवरचे खाणे शुल्कात धरलेले असते, पण गाईडची टिप वेगळी. उपाहारगृहात १५ ते २० टक्के देण्याची रीत आहे, गाईडलाही लोक साधारण त्याच हिशेबाने देतात. म्हणून माणशी १३० डॉलर मनात धरूनच निर्णय घ्यावा. काही वॉकमध्ये बिअरचा थांबा असतो. नको असल्यास आधी सांगितले तर बदलून देतात.

ए-३०१ (काका):
ठरले. मंगळवार किंवा बुधवार पाहतो. ईमेल आजच मुलाकडून पाठवून घेतो आणि सौ.च्या प्रत्येक थांब्याचे उत्तर आल्याशिवाय पैसे भरणार नाही. जाँ-तालों बाजार आम्ही आमचा आमचाच करू. परत येताना कोणाला मेपल सिरप हवे असल्यास कळवावे, पण चार डब्यांच्या वर आणणार नाही.

बी-५०४ (ताई):
काका, मला एक. बाजारातून किंवा साध्या किराणा दुकानातून ५४० मिलिलिटरचा पत्र्याचा डबा घ्यावा, पानाच्या आकाराच्या शोभेच्या बाटल्या महाग पडतात आणि आत तेच असते. एक लिटर सिरपला झाडाचा सुमारे चाळीस लिटर रस आटवावा लागतो, म्हणून डबाही स्वस्त नसतो. आणि तो चेक-इनच्या बॅगेत कपड्यांत गुंडाळून ठेवावा. हातातल्या बॅगेत ठेवलात तर सुरक्षा तपासणीत काढून घेतील.

बी-१०३ (डॉक्टर):
मलाही एक.