लॉकडाऊनमधलं बाळंतपण : खान्देशातले अनुभव सांगा

परवा धाकटीचा शाळेचा फॉर्म भरायला लसीकरणाचं कार्ड काढलं. जन्म 9 मे 2020. सहा आठवड्यांनी द्यायच्या पेंटाची, म्हणजे पाच रोगांवरच्या एकत्र लसीची, तारीख मात्र ऑगस्टमधली. मधले ते दिवस कसे गेले, ते एकदम डोळ्यापुढे आलं.

म्हणून हा धागा. कोविड झाला होता का, हे विचारत नाही. दवाखान्यापर्यंत पोचलात कसे, बाळ जवळ होतं का, काय काय सुटलं, ते लिहा. जळगाव, धुळे, नंदुरबारकडच्यांनी, तिकडे माहेर असलेल्यांनीही. दवाखान्यांची, डॉक्टरांची नावं नकोत.

माझंच आधी. आम्ही यावलकडचे. नववा लागला तेव्हा जवळचं सरकारी रुग्णालय कोविडसाठी राखलेलं. खाजगीत गेलो तर म्हणे आधी स्वॅबचा रिपोर्ट आणा. स्वॅब जाणार धुळ्याला, रिपोर्ट येणार दोन-तीन दिवसांनी. कळा काय रिपोर्टसाठी थांबतात? तिसऱ्या दारात घेतलं. मे महिना, एसी बंद, डॉक्टरीणबाई पीपीई किटमध्ये घामानं निथळत होत्या. त्यांचा आवाजच येईना. जोर कधी लावायचा ते मला हातवाऱ्यांवरून कळलं. पोरगी 2.6 किलोची, ठणठणीत. लसीला मात्र मीच नेलं नाही. उपकेंद्रात गर्दी असेल या भीतीनं.

सुरत–शहादा
नवरा सुरतेत लिंबायतला लूमवर, म्हणजे यंत्रमागावर होता. 25 मार्चला मशीन बंद, मला सहावा. महिनाभर खोलीभाडं दिलं, मग कांद्याच्या टेम्पोत बसून निघालो. नवापूरला अडवलं. तिथलं स्टेशन अर्धं गुजरातेत, अर्धं महाराष्ट्रात, माणसाला मात्र एकीकडचंच व्हावं लागतं. गावी झेडपीच्या शाळेत 14 दिवस. पाचवीच्या वर्गात झोपायचो, भिंतीवर पाढे.

माझी फाईल सुरतची, इथं नवी नोंद होईपर्यंत लोहाच्या गोळ्या सुटल्या त्या सुटल्याच. हिमोग्लोबिन 7 वर आलं. रक्त लागणार म्हणाले, पण शिबिरं बंद, पेढीत साठा नाही. दिराच्या मित्रानं दिलं. बाळ महिनाभर आधीच आलं, 1.9 किलोचं. बाळाला ऊब देणारी काचेची पेटी रिकामी नव्हती. सिस्टरनं उघडं बाळ माझ्या उघड्या छातीवर ठेवून वरून लुगड्यानं बांधलं आणि असंच तासन् तास बसायचं म्हणून सांगितलं. मोठी माय, म्हणजे आजी, हसली, ‘खुडूक कोंबडीसारखी बसनी माय तू!’ चौथ्या दिवशी मला ताप आला तेव्हा तीच चोळी काढून बसली. सत्तरीच्या बाईच्या छातीवर पोरगं निवांत झोपलेलं. आता पायाला चाकं लावल्यासारखं पळतं.

अमळनेर, बाप आहे, चालेल ना?
दुसरी लाट, एप्रिल 2021. बायको 35व्या आठवड्यात पॉझिटिव्ह, ऑक्सिजन खाली येत गेला, सिझर करून बाळ काढलं. ती एका मजल्यावर, बाळ दुसऱ्या, मी रस्त्यावर. मुलाला अकराव्या दिवशी पाहिलं, तेही व्हिडिओ कॉलवर. बाळाची टेस्ट निगेटिव्ह होती, तरी तिच्याजवळ दिलं नाही. दूध आटलं.

नंतर वाचलं, की आईनं मास्क लावून, हात धुऊन पाजावं, असं जागतिक आरोग्य संघटना 2020पासून सांगत होती. आम्हाला कुणी बोललं नाही. राग अजून आहे. घरी आल्यावर एका नर्सबाईंनी दर दोन तासांनी बाळ लावायला सांगितलं, तीन आठवड्यांनी थोडंथोडं दूध उतरलं. गरोदर बायांना लस मिळायला 2 जुलै 2021 उजाडला. तोवर आमचा मुलगा अडीच महिन्यांचा झालेला.

धुळे शहर
खरं सांगू का, आमचं छान गेलं. बघायला येणाऱ्यांची रांग नाही, ‘दूध पुरतं का गं’ विचारणारं कुणी नाही, नवरा घरी. आठ महिने बाळाला सर्दी नाही. बारशाला पाच माणसं. फोन बाळाच्या कानाशी धरला आणि आत्यानं पुण्याहून कुर्र केलं. बाळ दचकून रडलं ते थांबेना.

माहेर चोपडा
आमचं सातव्या महिन्यात गेलं. जुलै 2020. एवढंच लिहिते.

धडगावकडची आशा कार्यकर्ती
ताई, तुमचं वाचलं. बाकी काही बोलत नाही.

आमच्याकडे लॉकडाऊनच्या आधीही बाईला बांबूच्या झोळीत घालून रस्त्यापर्यंत आणावं लागायचं. तेव्हा वेगळं झालं ते असं, की रस्त्यावर गाडी उभी असली तरी बाई बसेना. दवाखान्यात नेलं की प्रेतच परत येतं, अशी बोलवा. घरी बाळंतपणं वाढली. बीसीजी ही क्षयाची लस वर्षाच्या आत देता येते, पण हिपॅटायटिस बीचा जन्माचा डोस 24 तासांतच द्यावा लागतो. पाड्यावर निरोप पोचेपर्यंत ते तास निघून जायचे.

दुसरं, कुणी बोलत नाही ते. अमृत आहार या सरकारी योजनेतलं गरोदर आणि बाळंतीण बायांचं गरम जेवण अंगणवाडीत बंद झालं, कोरडा शिधा घरी द्यायला लागलो. अंगणवाडीत बाई माझ्यासमोर अंडं खायची. शिधा घरच्या हांडीत गेला, की सासरा, नवरा, पोरं आणि उरलं तर ती. कागदावर वाटप पूर्ण. वजनकाट्यावर दिसायचं.

साक्री
आशाताई, माझा मुलगा आता साडेतीन वर्षांचा. तो नऊ महिन्यांचा झाला तेव्हा आम्ही ऊसतोडीला होतो, गोवर-रुबेलाचा रकाना कोराच आहे. आता देतात का?

धडगावकडची आशा
देतात. पाच वर्षांच्या आत आहे ना. दोन डोस, मध्ये किमान महिना. तुमच्या आशाला विचारा, लसीकरणाचा दिवस सांगेल. कार्ड हरवलं असलं तरी जा.

साक्री
हरवलं नाही. तोडीवरच्या कोपीत, म्हणजे झोपडीत, पावसानं भिजलं, शाई पसरली आहे. जन्मतारीख वाचता येते.