नाकापर्यंत आली की घ्यायची? (स्कीची लांबी, प्रकार आणि आपले सल्लागार)

बर्फाळ_बंडू (न्यू जर्सी)
'पहिली स्की विकत घेताना' या धाग्यावर ताहोकर यांच्या लेखातला सल्ला वाचला: "स्की उभी धरा, नाकापर्यंत आली की डोळे मिटून घ्या. कमर (स्कीच्या मधल्या भागाची रुंदी) 100 मिलिमीटरची बघा, सगळीकडे चालते." त्याखाली 'धन्यवाद दादा'ची रांग लागली आहे. तिथे लिहिलं असतं तर बुडालं असतं, म्हणून हा वेगळा धागा.

अहो, स्कीला तुमचं नाक कुठे आहे हे कळत नाही. तिला कळतं वजन. मी आणि माझा मेव्हणा, दोघांची उंची 172. तो 58 किलो, मी 88. आता दोघांनी 160 सेंटीमीटरची घ्यायची? तो तिच्यावर मजेत वळतो. माझ्या पायाखाली तीच स्की ब्लू रनवर (मध्यम उतारावर) जरा वेग घेतला की थडथडायला लागते.

दुसरं म्हणजे रॉकर. टोक आणि शेपूट वर उचललेली स्की ग्रूमरवर (मशीनने सपाट केलेल्या रनवर) मधल्या भागानेच टेकते. तिची 170 आणि पूर्ण कॅम्बरवाली (मधे कमानीसारखी उचललेली) 170 यांत जमीन-अस्मानाचा फरक. नाकाने कसा मोजणार?

आणि 100 कमर! व्हरमाँटमध्ये भर जानेवारीत पाऊस पडतो, रात्री गोठतो, सकाळी रनवर काच. रुंद स्की एजवर (कडेवर) यायला वेळ घेते आणि सगळा ताण गुडघ्यावर येतो. इकडे 75 ते 85 खूप झालं.

ताहोकर
बंडूशेठ, तो लेख नवशिक्यांसाठी होता. पहिल्यांदा रेंटल सोडणाऱ्या माणसाला कॅम्बर-रॉकर सांगत बसलो तर तो सरळ स्नोबोर्ड घेईल. हनुवटी ते नाक ही नवशिक्यासाठी दुकानात सगळीकडे सांगतात तीच रीत आहे, मी शोधलेली नाही.

शिवाय जग व्हरमाँटपाशी संपत नाही. आमच्या सिएराचं (कॅलिफोर्नियाच्या डोंगरांतलं) बर्फ ओलं आणि जड. त्याला 'सिएरा सिमेंट' उगाच म्हणत नाहीत. वादळानंतरच्या दिवशी 78 कमर घेऊन या, मग बोलू.

वजनाचं म्हणाल तर मान्य. 88चा आकडा तुम्हीच जाहीर केलात, मी काही बोललो नव्हतो.

आल्प्सवासी
तुमचं 160-170 ऐकून गंमत वाटते. आम्ही 205च्या सरळ फळ्यांवर शिकलो. 90च्या दशकात स्लोव्हेनियाच्या एलाननं कमरेत बारीक स्की आणली आणि मग सगळ्यांच्याच स्की आखूड झाल्या. आता कुणालाही आठवड्यात पॅरलल (दोन्ही स्की समांतर ठेवून वळणं) येतं, म्हणून रनवर ही गर्दी.

कोथरूडचा_स्लालम
वर्ल्ड कपमध्ये पुरुषसुद्धा 165 वापरतात. म्हणजे आखूडच बरी. विषय संपला.

बर्फाळ_बंडू
@कोथरूडचा_स्लालम, ती स्लालमची (जवळजवळच्या खांबांमधून वळत जायच्या शर्यतीची) किमान लांबी. जायंट स्लालमला (तिथे वळणं मोठी) पुरुषांसाठी किमान 193 आणि स्कीच्या वळणाची रेडियस 30 मीटर. अर्धंच वाचून विषय संपवू नका.

डेन्व्हरची_माई
एवढे प्रतिसाद झाले, बायकांचा 'ब' नाही. मागच्या सीझनला दुकानात गेले. उंची 170, वजन 74, ब्लॅक रन (अवघड उतार) आरामात उतरते. त्या मुलाने काही न विचारता 'लेडीज' रॅककडे नेलं आणि हातात 156 दिली. मऊ, लिबलिबीत, वर जांभळी फुलं. नवऱ्याला मात्र "सर, तुमची लेव्हल?" नवरा अजून पिझ्झा करत (स्कीची टोकं जुळवून ब्रेक लावत) उतरतो!

ताहोकर
माई, लेडीज स्की म्हणजे निव्वळ मार्केटिंग. स्की तीच, वरचं चित्र वेगळं. फुलं आवडत नसतील तर स्टिकर लावा.

गुरुत्वमध्य
अर्धसत्य. काही मॉडेलांत खरंच फक्त चित्र बदलतं. काहींत गाभा हलका असतो, धातूचा थर कमी किंवा नसतोच, आणि बाइंडिंगची (बूट स्कीला धरून ठेवणाऱ्या पकडीची) खूण थोडी पुढे असते. 50-55 किलोच्या बाईला याचा खरा फायदा होतो, कडक स्की तिच्याने वाकतच नाही. तोच फायदा 55 किलोच्या पुरुषालाही होईल, पण तो त्या रॅककडे फिरकणार नाही.

डेन्व्हरची_माई
@ताहोकर, स्टिकर? मी दुकानदाराबद्दल बोलतेय, फुलांबद्दल नाही. माणसाचं वजन, वेग, उतार विचारा आणि मग स्की द्या, एवढंच म्हणणं आहे. शेवटी पुरुषांच्या रॅकमधली 170 घेतली, कमर 88. आता नवराच मागे "थांब, थांब" करत येतो.

ताहोकर
विनोद होता. सगळ्याचा स्त्री-पुरुष वाद करायलाच हवा का?

मिनेसोटाची_सून
वाद तुम्ही केलात, "निव्वळ मार्केटिंग" म्हणून. मी 50 किलोची. दिरांची जुनी 172 पायात बांधून मला 'शिकवलं'. वळायचीच नाही. दोन वर्षं वाटत होतं, मलाच जमत नाही. लेडीज 148 घेतली आणि त्याच दिवशी वळले. मार्केटिंग असेल तर असू दे.

गुलमर्गी
तुम्हाला निवडायला रॅक तरी आहेत. गुलमर्गला मला भाड्याने मिळाली कुणा युरोपियनाने सोडून दिलेली 180, दोन्ही बाइंडिंग वेगळ्या कंपनीचे. अफरवटवर, म्हणजे गोंडोलाच्या दुसऱ्या टप्प्यावर, सुमारे 3,950 मीटरला पावडरमध्ये (ताज्या भुसभुशीत बर्फात) तीच बरी पडली म्हणा. पण पहिले दिवस खालच्या सपाटीवर गेले तेव्हा 180 कशाला?

आणि लांबीवर एवढं भांडता, बाइंडिंगचं कुणीच का बोलत नाही? डिन सेटिंग (किती जोर आला की बाइंडिंग बूट सोडेल तो आकडा) वजन, उंची, वय, बुटाच्या तळव्याची लांबी आणि स्कीअरचा प्रकार यांवरून ठरतं. आपले काका लाजेखातर वजन दहा किलो कमी सांगतात, मग स्की भलत्या वेळी सुटते. नाहीतर शान म्हणून 'एक्स्पर्ट'वर खूण करतात, मग पडल्यावर सुटतच नाही आणि गुडघा जातो.

बर्फाळ_बंडू
गुलमर्गींचा मुद्दा शंभर टक्के. तरी सांगतो, पहिले पैसे बुटात घाला. सैल बुटात कुठलीच लांबी धड वळत नाही. मला मात्र अजून उत्तर हवंय. ताहोकर, व्हरमाँटच्या काचेवर 100 कमर? हो की नाही?

ताहोकर
नाही. समाधान? लेखात भर घातली आहे: "वजन 80च्या वर असेल तर 5 ते 10 सेंटीमीटर जास्त, रॉकर असेल तर आणखी थोडी, पूर्वेकडच्यांनी अरुंद कमर घ्यावी." तुमचं नाव घातलेलं नाही.

डेन्व्हरची_माई
आणि बायकांचं?

ताहोकर
ते तुम्ही लिहा, मी जोडतो.

डेन्व्हरची_माई
लिहिते. आधी तो स्टिकरचा प्रतिसाद उडवा.