मदत हवी आहे: आईचा टीएसएच ०.०५ वर आलाय, छातीत धडधड होते. थायरॉइडची गोळी जास्त होतेय का?

नमस्कार मंडळी,

आईसाठी विचारतेय. वय ६८, वजन सध्या ५२ किलो. थायरॉइड कमी काम करतं म्हणून बरीच वर्षं लेव्होथायरॉक्सिन चालू आहे आणि ७५ मायक्रोग्रॅमवर तिचं छान चाललं होतं. मध्यंतरी ती पुण्याला भावाकडे होती. तिथे हाडं ठिसूळ झाल्याचं निघालं, कॅल्शियम आणि डी३ सुरू झालं. पुढच्या तपासणीत टीएसएच (थायरॉइडचं हार्मोन कमी पडलं की हा आकडा चढतो, जास्त झालं की उतरतो) ९.४ आला म्हणून डोस १०० केला. तरी टीएसएच खाली येईना, मग १२५.

दिवाळीनंतर आई माझ्याकडे नाशिकला आली. इथे मी तिला उठल्या उठल्या थायरॉइडची गोळी नुसत्या पाण्याबरोबर देते, चहा तासाभराने, कॅल्शियम रात्री जेवल्यावर. पुण्याला मात्र सगळ्या गोळ्या नाश्त्याला चहाबरोबर एकदमच घेत होती म्हणे.

आता तिचं काहीतरी बिनसलंय. कपबशी हातात धरली की बशी वाजते. इकडे निफाडला पारा पाच-सहावर, आम्ही सगळे गोधडीत, आणि ही पांघरूण भिरकावून देते. झोप नाही. जेवण नेहमीसारखं, तरी ब्लाउज ढगळ झालेत. परवा रामकुंडावर गेलो होतो, घाटाच्या जेमतेम पायऱ्या चढली आणि खाली बसली. "छातीत धडधडतंय गं" म्हणाली. तिचा तो चेहरा पाहून मी घाबरले.

रिपोर्टमध्ये टीएसएच ०.०५, फ्री टी४ (रक्तातलं थायरॉइडचं हार्मोन) मर्यादेच्या जरा वर. एंडोक्रायनॉलॉजिस्टची अपॉइंटमेंट पुढच्या गुरुवारी आहे.

शेजारच्या काकू म्हणतात गोळी बंदच करून टाक. मावशीला ग्रेव्हजचा (थायरॉइड जास्त काम करण्याचा) त्रास आहे, ती निओमर्काझोल घेते. तिने "ताईचंही माझ्यासारखंच झालंय" म्हणून स्वतःच्या गोळ्यांचं पाकीट पाठवून दिलंय. गुरुवारपर्यंत मी काय करू? कोणाच्या घरी असं झालं असेल तर कृपया लिहा.

— गोदाकाठची लेक

मेडिकलवाला:
ताई, आधी ते पाकीट मावशींना परत द्या. मावशींची ग्रंथीच जास्त हार्मोन बनवते, निओमर्काझोलमधलं कार्बिमाझोल ते बनणं रोखतं. तुमच्या आईंच्या अंगात जास्तीचं हार्मोन गोळीतून येतंय. ते या औषधाने अडणार नाही, आणि औषधाचा धोका मात्र पदरात पडेल. मावशींनाही एक सांगा: ही गोळी चालू असताना ताप आणि घसादुखी आली तर सर्दी समजून काढा पीत बसू नका. क्वचित कोणाच्या पांढऱ्या पेशी एकदम घसरतात, सुरुवातीच्या तीन महिन्यांत विशेष. गोळी थांबवून त्याच दिवशी डॉक्टरांना गाठायचं आणि रक्त तपासायचं.

आता आईंचं. काउंटरवर हे मी वारंवार पाहतो. कॅल्शियम आणि लोह थायरॉइडच्या गोळीला आतड्यातच धरून ठेवतात, म्हणून दोन्हींत चार तासांचं अंतर हवं. चहा-कॉफी आणि नाश्त्यानेही गोळी कमी शोषली जाते. पुण्याला गोळी पोटात जात होती पण रक्तात पुरती पोचत नव्हती, म्हणून टीएसएच चढला आणि डोस वाढत गेला. तुम्ही वेळ नीट लावलीत आणि १२५ च्या १२५ अंगी लागायला लागले. ग्रंथी अजिबात चालत नसेल तरी किलोमागे साधारण १.६ मायक्रोग्रॅम धरतात. ५२ किलोला ८३ च्या आसपास होतात, आणि उतारवयात त्याहून कमी पुरतं.

हा माझा अंदाज. डोस डॉक्टरच ठरवतील, पण गुरुवारची वाट बघू नका. आजच फोन करून टीएसएच, धडधड आणि कॅल्शियमची ही सगळी हकीकत सांगा.

केशरकाकी:
अगं बाळ, ईसीजी आजच काढ. माझ्या सासूबाईंना असाच डोस जास्त होत होता आणि नाडी वेडीवाकडी पडायला लागली, एट्रियल फिब्रिलेशन निघालं. त्यातून गुठळी होऊन पक्षाघाताची भीती असते. छातीत दुखलं, चक्कर आली किंवा दम लागला तर सरळ इमर्जन्सीत ने. आणि हाडं आधीच ठिसूळ आहेत ना? हे हार्मोन जास्त झालं की हाडं आणखी झिजतात, म्हणजे कॅल्शियमही वाया.

प्रयोगशाळा:
एक शंका. आई केसांसाठी काही गोळ्या घेतात का? त्यांत बायोटिन भरपूर असतं आणि काही यंत्रांवर त्याने टीएसएच खोटाच कमी, टी४ खोटाच जास्त दिसतो. घेत असतील तर दोन-तीन दिवस थांबवून पुन्हा तपासा. लक्षणं पाहता इथे तसं वाटत नाही, तरी विचारून घ्या.

गोदाकाठची लेक:
सगळ्यांचे मनापासून आभार. बायोटिन नाही, विचारलं. दादा, तुमचं वाचून लगेच फोन केला, डॉक्टरांनी त्याच संध्याकाळी बोलावलं. काकी, ईसीजी काढला. ठोके जलद आहेत पण नियमित आहेत.

डॉक्टरांनी कॅल्शियमची गोष्ट दोनदा विचारून घेतली. डोस परत ७५ वर आणलाय, गोळीची वेळ आता आहे तीच ठेवायची. पूर्ण बंद करू नका म्हणाले, तिला हे हार्मोन लागतंच. हे औषध रक्तात निम्मं व्हायलाच साधारण आठवडा लागतो, त्यामुळे धडधड लगेच थांबणार नाही. टीएसएच सहा आठवड्यांनी. आधी केला तर आकडा फसवा येतो आणि डोस पुन्हा उगाच वरखाली होतो. भावालाही हे सगळं लिहून पाठवलंय, आई उन्हाळ्यात तिकडे जाईल तेव्हा कॅल्शियम रात्रीच राहायला हवं.

मावशी थोडी रुसली, पण घसादुखीचं तिला कोणीच सांगितलं नव्हतं. तिने ते चिठ्ठीवर लिहून औषधाच्या डब्याला चिकटवलंय.

दादा, एक विचारते. १२५ ची अर्धी बाटली उरलीये. आई म्हणते टाकू नको, अर्धी अर्धी करून संपवू. चालेल का?

मेडिकलवाला:
नको ताई. अर्ध्या केल्या तर ६२.५ होतील, ७५ नाही. शिवाय एखाद्या सकाळी चष्मा नसताना अख्खीच घेतली जाईल. जुनी बाटली आईंच्या डब्यातून आजच काढा.