‘एकसर’ जोडणी आणि ‘करंट वाटला जातो’

विचारणा : विजेच्या सिरीज जोडणीला पाठ्यपुस्तकात ‘एकसर’ का म्हणतात? आणि ‘एकसर जोडणीत करंट वाटला जातो’ हे वाक्य बरोबर आहे का?

– सर म्हणजे माळेचा पदर. मोत्यांचा सर म्हणतो तोच. एकाच दोऱ्यात मणी ओवावेत तसे एकाच वाटेवर रोध (रेझिस्टन्स) ओवलेले, म्हणून एकसर. फार नेमका शब्द आहे. दोरा तुटला की सगळी माळ गेली, हेही त्यातच आले.

वाक्य मात्र चूक. वाट एकच, म्हणून धारा (करंट) सगळीकडे तेवढीच. वाटला जातो तो दाब (व्होल्टेज), आणि रोध जास्त त्याला वाटा जास्त. ६० आणि १०० वॅटचे तारेचे (फिलामेंटचे) दिवे २३० व्होल्टवर एकसर जोडा. छापील वॅटवरून रोध निघतात ८८२ आणि ५२९ ओहम. धारा दोघांतून ०.१६ अँपिअर, दाब ६० वाल्याला १४४ व्होल्ट, १०० वाल्याला ८६. म्हणजे ६० वॅटचाच जास्त उजळतो! (तार कमी तापल्याने खरे रोध याहून कमी भरतात, पण उजळ तोच राहतो.)

– प्रत्ययही सांभाळा. धारा दिव्या*तून* जाते, दाब दिव्याच्या दोन टोकां*मध्ये* असतो. ‘दिव्यातून व्होल्टेज जाते’ म्हणणारा मीटरही तसाच लावतो. अँपिअर मोजायला वायर सोडवून मीटर मध्ये ओवायचा, व्होल्ट मोजायला टोकांना टेकवायचा. लाल वायर अँपिअरच्या खाचेत राहिली आणि तशीच टोकांना टेकवली, तर मीटरचा रोध जवळपास शून्य असल्याने शॉर्ट होतो. फ्यूज उडाला तर स्वस्तात सुटलात.

– मग टेस्टर पेटल्यावर ‘वायरीत करंट आहे’ म्हणतात ते?

– बोलण्यात रुळलंय, पण टेस्टर दाखवतो तो दाब. वायर नुसती लोंबकळत असली तरी तो पेटतो. टेस्टरमधला मोठा रोध, निऑन दिवा आणि तुमचं शरीर हीसुद्धा एकसर जोडणीच. त्या रोधामुळेच धारा नगण्य राहते.

हा फरक दिवाळीच्या माळेत जिवावर बेततो. साध्या एकसर माळेतला एक दिवा गेला की धारा शून्य, बाकी दिव्यांवर दाब उतरतच नाही, आणि पूर्ण २३० व्होल्ट त्या एका होल्डरच्या दोन टोकांमध्ये येतात. माळ विझलेली दिसते, म्हणून तिथे बोट घालू नका. आधी पिन काढा.