बाविसावा आठवडा : करोनाची लस पुन्हा घ्यायची का?

पाऊसवेडी
पहिलंच बाळ, बाविसावा आठवडा चालू आहे. परवाच्या तपासणीत वजन, बीपी सगळं झाल्यावर डॉक्टरीणबाई जाता जाता म्हणाल्या, "करोनाच्या लसीचा एक डोस घेऊन टाक." मी मुंडी हलवून बाहेर आले आणि तेव्हापासून डोक्याला भुंगा लागलाय. माझे दोन डोस २०२१ मध्येच झालेत, नंतर करोनाही होऊन गेला. नवरा म्हणतो, आता कोण घेतंय? सासूबाई म्हणाल्या, पोटुशीला उगाच सुया कशाला टोचायच्या. (धनुर्वाताचं इंजेक्शन घेतलं तेव्हा मात्र कुणी ब्र काढला नव्हता. मीही नाही.)

मला भीती आहे ती तापाची. दुसऱ्या डोसनंतर १०२ चढला होता. आता तसं झालं तर बाळाचं काय? ज्यांनी गरोदरपणात घेतलीय त्यांनीच सांगा. फॉरवर्ड नकोत, प्लीज.

तिसरी_खिडकी
मी २०२१ मध्ये घेतली, सत्ताविसाव्या आठवड्यात. २०२० च्या मूळ चाचण्यांत गरोदर बायका घेतल्याच नव्हत्या, त्यामुळे तेव्हा माझे डॉक्टरही शब्द तोलून बोलत होते. फॉर्मवर सही करताना पेन दोनदा खाली ठेवलं होतं मी.

ताप म्हणशील तर संध्याकाळी ९९. डॉक्टरांना विचारून ठेवलेली पॅरासिटामॉल घेतली, उतरला. खरा घोळ वेगळाच झाला. नर्सने विचारलं, कुठला हात? मी सवयीने डावा पुढे केला. रात्री लक्षात आलं की डाव्या कुशीवर झोपायला सांगितलंय आणि दंड तर ठणकतोय! उजवीकडे वळले की मन खाई, डावीकडे वळले की हात. शेवटी दोन उशा पाठीशी लावून बसूनच डुलक्या काढल्या. लेक मात्र आत नेहमीसारखी लाथा झाडत होती.

तिरकस
तेव्हाची गोष्ट वेगळी होती. आता साधी सर्दी झाल्यासारखं होतं. घ्यायचीच तर बाळंतपणानंतर घ्या की, घाई काय?

अणुरेणू
तिरकस, बाळंतपणानंतर घेतली तर आईला उपयोग होईल, पण नाळेतून बाळाला मिळायचं ते राहून जाईल. आईच्या रक्तातल्या अँटिबॉडी नाळेतून बाळाकडे जातात, आणि सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला ही लस देतच नाहीत. त्या काळात त्याच्याकडे आईने दिलेलंच असतं. पाऊसवेडी, २०२१ च्या डोसांचा साठा एव्हाना बराच ओसरलेला असणार. म्हणून जागतिक आरोग्य संघटना प्रत्येक गरोदरपणात एक डोस सुचवते, शक्यतो दुसऱ्या तिमाहीत. तुझ्या डॉक्टरांनी वेळ बरोबर साधलीय.

"साधी सर्दी" बहुतेकांना, हो. पण गरोदरपणात करोना बळावला तर आयसीयूची आणि अपुऱ्या दिवसांच्या बाळंतपणाची शक्यता वाढते. लसीत जिवंत विषाणू नसतो. रुबेला किंवा कांजिण्यांची लस गरोदरपणी टाळतात ती त्यात जिवंत विषाणू असतो म्हणून. ही त्यातली नाही. अमेरिकेत २०२१ मध्येच लस घेतलेल्या ३५,००० हून जास्त गरोदर स्त्रियांची पाहणी झाली होती. त्यांना दंडदुखी इतरांपेक्षा जास्त जाणवली, ताप उलट कमी. मात्र मागच्या वेळचा १०२ डॉक्टरांच्या कानावर घालच. आणि आयबुप्रोफेन मनाने घेऊ नकोस.

पाऊसवेडी
आताच फोन केला. ताप १००.४ च्या वर गेला तर पॅरासिटामॉल घे आणि कळव, म्हणाल्या. मग मी विचारलं, उजव्या हातात दिली तर चालेल ना? त्या हसायला लागल्या. गुरुवारी अकरा वाजता जातेय. सासूबाईही येणार आहेत, "सोबत म्हणून", म्हणजे नर्सची उलटतपासणी घ्यायला.